पोलीस ठाण्यातून परत आलेली बंदूक : पहिल्या बाराआधीची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भात पोटरीला आले की डुकरांचे कळप डोंगरातून खाली उतरतात आणि त्याच सुमारास गावोगावच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका बाहेर निघतात. काही पावसाळाभर माळ्यावर पडून असतात, तर काही आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा असतात. दोन्हींच्या बाबतीत पुढे घडते ते सारखेच. बंदूक हाती आली की तिच्यावरून फडके फिरवायचे, थोडे खोबरेल लावायचे आणि त्याच रात्री बार काढायचा. गेल्या शिमग्यात चालत होती, म्हणजे आताही चालणार, असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. खाऱ्या हवेत चार महिने उभी राहिलेली नळी आतून कशी झाली आहे, हे बाहेरच्या चकाकीवरून कळत नाही. अशा बंदुकीला नवी, न तपासलेली बंदूक समजूनच वागले पाहिजे. सावंतवाडी-दोडामार्गापासून दापोलीपर्यंतच्या परवानाधारकांनी ही तपासणी कशी करावी, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळे परवान्यावरच्या, कारखान्यात बनलेल्या किंवा परवानाधारक कारागिराने बनवलेल्या बंदुकीबद्दल आहे. नळाचा पाइप कापून केलेल्या गावठी बंदुकीला यातली एकही तपासणी लागू पडत नाही, कारण पाण्याच्या पाइपाचा लांबलचक सांधा कोणत्या दाबाला उकलेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नसते. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) नेहमीच्या काडतुसाचा कमाल दाब आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ७४० बार धरलेला आहे; इथे बार हे दाब मोजायचे एकक आहे. मोटारीच्या चाकात हवा असते ती दोन-सव्वादोन बार. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणेच नव्हे, तर व्यवसाय म्हणून ती दुरुस्त करणे, तिची चाचणी घेणे यालाही वेगळा परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. त्यामुळे फुटलेले निपल (ठिणगी दारूपर्यंत नेणारी छोटी पोकळ खुंटी) किंवा भेगाळलेली नळी गावच्या वेल्डिंगवाल्याकडे नेणारा माणूस आपल्या हाताबरोबर त्यालाही गोत्यात आणतो. शिवाय वेल्डिंगच्या आचेने त्या जागचे पोलाद मऊ पडते किंवा ठिसूळ होते. म्हणजे दुरुस्त झालेली जागाच सगळ्यांत कच्ची ठरते.

आता तपासणीकडे वळतो. सुरुवात ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीपासून करतो. आपल्याकडे अशा बंदुका बऱ्याच आहेत आणि सर्वांत जास्त गैरसमज त्यांच्याबद्दलच आहेत. कायद्याच्या कलम १३ मध्येही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

सगळ्यांत आधी बंदूक भरलेली आहे का ते पाहायचे. काडतुसाची बंदूक उघडली की समजते, ठासणीची उघडत नाही. पहिले काम म्हणजे निपलवर केप (आघाताने पेटणारी छोटी टोपी) नाही याची खात्री करणे. मग तोंड माणसांपासून आणि घरापासून दूर ठेवून, चेहरा बाजूला घेऊन गज हलकेच नळीत सोडायचा. तो तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याचे नख धरायचे. गज बाहेर काढून तो नळीला बाहेरून लावायचा आणि नख तोंडाशी आणायचे. गजाचे टोक निपलच्या जवळपास पोहोचले तर नळी रिकामी आहे. टोक चार-आठ सेंटिमीटर अलीकडे राहिले तर आत काहीतरी आहे. तो जुना बार असेल, विसरलेला बोळा असेल किंवा कुंभारमाशीचे घर असेल. कोकणात ही माशी खिडकीच्या चौकटीतल्या भोकात घर करते आणि बंदुकीच्या नळीतही करते. पावसाळ्यात तोंड उघडे ठेवून कोपऱ्यात उभी केलेली बंदूक म्हणजे तिच्यासाठी आयती जागा. वाळलेल्या मातीचा हा गोळा नळीला असा चिकटतो की बंदूक उलटी करून आपटली तरी पडत नाही.

जुना बार निघाला तर तो उडवून मोकळा करण्याचा मोह होतो. तो आवरायचा. पाच महिन्यांच्या ओलीने दारूचे काय झाले, छर्ऱ्यांमागचा बोळा पुढे सरकून मध्ये पोकळी पडली आहे का, हे बाहेरून ठरवता येत नाही. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली की नळी तिथेच फुगते. नळीत पाणी ओतायचे, निपलच्या छिद्रातून थेंब येईपर्यंत वाट पाहायची आणि त्याच ओल्या अवस्थेत बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. तो मळसूत्री टोकाच्या गजाने बार उपसून काढतो. वाटेत चार दिवस लागणार असतील तर पुन्हा पाणी घालायचे. काळी दारू भिजली म्हणून कायमची मेली असे होत नाही. वाळली की ती पुन्हा पेटू शकते. तारेने, खिळ्याने किंवा तापलेल्या सळईने आत टोचणे हा तर वेडेपणाच.

नळी रिकामी आहे हे कळल्यावर तिचा तळ पाहायचा. गंज तिथेच सर्वांत खोल असतो. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घन स्वरूपात मागे उरतो. ते पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. वेंगुर्ले किंवा मालवणच्या किनाऱ्यावर बार काढून बंदूक तशीच ठेवली तर एका रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो. मग पावसाळाभर काय होत असेल याचा अंदाज करावा. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, रॉकेलमध्ये तर नाहीच. ते पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीच्या बंदुकीची खरी सफाई म्हणजे कडकडीत पाणी आणि साधा साबण. पाणी स्वच्छ येईपर्यंत फडके फिरवायचे, गरम पाण्याने विसळायचे म्हणजे नळी आपल्याच उष्णतेने वाळते, मग कोरडे फडके आणि शेवटी तेल. तेल शिलाई मशीनचे चालेल. खोबरेल नको. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजते, जुने झाले की चिकट राळ होते आणि घोड्याची (केपवर आपटणाऱ्या हातोडीची) स्प्रिंग ऐन वेळी आळसावते. हिवाळ्यातल्या पहाटे केप फुटत नाही तेव्हा दोष बहुधा केपचा नसतो, खोबरेलाचा असतो.

धुतल्यावर निपल बरोबर मापाच्या पान्याने काढून पाहावे. पक्कडीने नव्हे, कारण पक्कडीने त्याचे काठ गोल होतात आणि पुढच्या वेळी ते निघतच नाही. आटे चांगले धारदार दिसले पाहिजेत. ते झिजून चपटे झाले असतील, किंवा निपल बोटांनीच गोल फिरत असेल, तर बार काढताना ते गोळीसारखे मागे येते, आणि मागे आपला डोळा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे छिद्र. वर्षानुवर्षे वापरलेल्या निपलचे छिद्र मोठे होते. मग वायू मागे फिरतो आणि घोडा उसळून अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धवट मागे ओढलेल्या स्थितीत येतो. बार काढल्यावर घोडा आपोआप मागे उभा दिसला तर बंदूक जोरात आहे असे कौतुकाने सांगितले जाते. ते निपल बदलायची वेळ झाल्याचे लक्षण आहे. घोड्याचे तोंड वाटीसारखे खोलगट असते ते फुटलेल्या केपचे तुकडे अडवण्यासाठी. ही कड तुटलेली असेल किंवा घोडा निपलवर तिरका पडत असेल तर तांब्याचे कपचे गालात आणि डोळ्यांत जातात.

चापाची तपासणी केप न लावता, रिकाम्या बंदुकीवर करायची. निपलवर चामड्याचा जाड तुकडा ठेवावा, नाहीतर घोडा आपटून निपल चपटे होते. घोडा अर्ध्या चापावर आणून चाप जोराने ओढावा. घोडा पडता कामा नये. पूर्ण चापावर आणून अंगठ्याने घोडा पुढे रेटावा. पडता कामा नये. तसाच उभा ठेवून दस्त्याचे (बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाचे) बूड जमिनीवर ठेवलेल्या रबरी चपलेवर दोन-तीनदा ठोकावे. तरीही पडता कामा नये. यांपैकी एकदा जरी पडला तर बंदूक दुरुस्तीवाल्याकडे. चाप किती ओढावा लागतो हेही मोजता येते. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा चापात अडकवून हळूहळू ओढायचा. साधारण दीड ते दोन किलोवर घोडा सुटला तर योग्य. एक किलोच्या आत सुटत असेल तर गडग्यावरून उडी मारतानाच बार निघेल. चाप हलका करून घेण्याची हौस काहींना असते. घोड्याच्या खाचेला घरी कानस लावणारे लोक आपल्या मागे चालणाऱ्या माणसाचा विचार करत नाहीत.

दस्ता हा कोकणातला वेगळा विषय. पावसात लाकूड फुगते, स्क्रू गंजतात, आणि फुगलेले लाकूड घोड्याच्या स्प्रिंगला आतून घासते. ऑक्टोबरच्या उन्हात तेच लाकूड आकसते आणि मुठीपाशी, जिथे ते सर्वांत बारीक असते, तिथे केसासारखी चीर पडते. दस्ता दोन्ही हातांनी हलकेच पिळून पाहावा, चीर असेल तर तेलाची बारीक रेघ बाहेर येते. लाकडावर टकटक केले आणि पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्यावी. चिरेवर एम-सील भरून वर तार गुंडाळणे हा उपाय नव्हे. बाराच्या धक्क्याने मूठ तुटली तर चापावरचा हात नळीच्या मागच्या टोकाशी जाऊन आदळतो.

बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीत गोष्टी उघड्या दिसतात, त्यामुळे ती सोपी वाटते. पण हिच्यातल्या चुका जास्त महाग पडतात, कारण धूरविरहित दारूचा दाब जास्त असतो.

बंदूक उघडून नळ्या वेगळ्या कराव्यात आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहावे. खिडकीच्या चौकटीची आडवी कड उजेडात धरली की तिची सावली नळीच्या आत सरळ रेघेसारखी पुढे सरकते. नळी हळूहळू फिरवायची. रेघ कुठे वाकली तर तिथे पोचा आहे, आणि पूर्ण काळे कडे दिसले तर नळी तिथे फुगलेली आहे. बाहेरून बोटे फिरवून ती जागा हाताला लागते का ते पाहावे. फुगीर नळी कायमची बाद. ठोकून सरळ केलेली तर त्याहून वाईट. गंजाचे ठिपके पुसून गेले तर चिंता नाही. पण पुसल्यावर खड्डे राहिले, आणि ते काडतुसाच्या जागेच्या लगेच पुढे असले, तर परीक्षण करूनच पुढे जावे. जुन्या हलक्या विलायती दुनळीच्या मधल्या भागात पोलादाची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर असते. त्यात पाव मिलिमीटरचा खड्डा पडला, म्हणजे एक तृतीयांश जाडी गेली. खड्डा किती खोल हे नजरेला कळत नाही, त्याला जाडी मोजायचे यंत्र लागते, आणि ते चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे असते.

दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी डाखलेली असते. डाख सुटला की त्या फटीत पाणी शिरते आणि नळ्या बाहेरच्या बाजूने, न दिसता, गंजत राहतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. नळ्या खालच्या आकड्यात दोरी घालून टांगायच्या आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच ठोकायच्या. स्वच्छ, घुमणारा नाद आला तर डाख पक्का. बद्द किंवा थरथरता आवाज आला तर पट्टी सुटली आहे. खाऱ्या हवेत ही तपासणी दरवर्षी करण्याजोगी आहे.

मग बंदूक जोडून ती किती घट्ट मिटते ते पाहायचे. पुढचा लाकडी भाग काढून टाका, दस्ता धरून बंदूक उभी करा आणि हलवा. टक् असा आवाज आला तर बिजागरी झिजली आहे. पक्की खात्री कागदाने होते. साधा झेरॉक्सचा कागद सुमारे दहावा भाग मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी नळीच्या मागच्या तोंडावर ठेवून बंदूक मिटवायची आणि पट्टी ओढायची. ती अडकली, फाटली, तर उत्तम. दोन पदरी, तीन पदरी करूनही सहज निसटली तर नळी आणि मागची पोलादी भिंत यांत फट आहे. या फटीने काय होते? बाराच्या वेळी काडतुसाचे पितळी बूड मागे सरकते, ताणले जाते, फाटते, आणि गरम वायू थेट तोंडावर येतो. दिव्याची काजळी त्या भिंतीवर धरून बंदूक एकदा मिटवून उघडली तर नळी कुठे टेकते, कुठे नाही, याचा ठसाच मिळतो.

भिंतीतल्या, काडतुसावर आपटून ते पेटवणाऱ्या पिना बोटाने दाबून पाहाव्यात. टोक गोल आणि गुळगुळीत हवे. दाबल्यावर पिन मागे गेलीच पाहिजे. राळ झालेल्या तेलामुळे पिन पुढे अडकून राहिली तर बंदूक मिटवताक्षणीच बार निघतो, आणि त्या वेळी नळी कुठे रोखलेली असते? बहुधा आपल्याच पायाकडे.

यापुढची गोष्ट नीट वाचावी, कारण इथे सगळे ठाकठीक दिसते आणि तरी धोका असतो. जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) ६५ मिलिमीटरचे असते, आणि आता मिळणारी बरीचशी काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उघडलेली लांबी असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असते, म्हणून ७०चे काडतूस ६५च्या जागेत बिनबोभाट बसते आणि बंदूक मिटतेही. बार निघताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. नळ्यांच्या खालच्या बाजूला, नळ्या वेगळ्या केल्यावर दिसतील अशा खुणांमध्ये चेंबरची लांबी आणि कशाने परीक्षण झाले ते असते. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाच्या खुणा असतील तर त्या दुरुस्तीवाल्याकडून वाचून घ्याव्यात. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणावळणाची नक्षी असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी आहे. धूरविरहित दारूचे परीक्षण झाल्याची खूण नसेल तर आजची काडतुसे तिला वर्ज्य. अशी आजोबांची बंदूक भिंतीवर देखणी दिसते, तिथेच राहू द्यावी.

एकाच घरात बारा आणि वीस बोअरची काडतुसे असतील तर ती वेगळ्या खोक्यांत, वेगळ्या कपाटात ठेवावीत. वीसचे काडतूस बाराच्या काडतुसापेक्षा बारीक असल्याने बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरते आणि नळीच्या सुरुवातीला अडकते. चेंबर रिकामे दिसते, माणूस बाराचे काडतूस मागून घालतो आणि चाप ओढतो. त्या नळीचे मग काय होते हे सांगायला नको.

काडतुसेही पावसाळ्याने बदललेली असतात. कागदी काडतूस फुगते. ते अंगठ्याने ढकलून बसत नसेल तर बंदूक जोराने मिटवून बसवू नये. पितळेवर हिरवा थर आला असेल तर ते बाजूला काढावे. ओल लागलेल्या काडतुसाचा खरा धोका ते न उडण्यात नाही, अर्धवट उडण्यात आहे. आवाज फुसका येतो, छर्रे निघून जातात किंवा जातही नाहीत, आणि वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) नळीत अडकून राहते. डुक्कर समोर असते, माणूस घाईत दुसरे काडतूस भरतो. मागून वेगाने आलेला ऐवज अडथळ्याला आपटून थांबतो, त्याची सगळी गती त्या एका कड्यावर दाबात बदलते, आणि नळी तिथेच फाटते. नेमका डावा हात तिथे असतो. नळीच्या तोंडात अडकलेला चिखल, पानाचा तुकडा किंवा ठेवणीच्या वेळी कोंबलेला कापसाचा बोळा हेच काम करतो. म्हणून आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला की थांबायचे, उघडायचे आणि नळीतून आरपार पाहायचे. काहीच झाले नाही तर काडतुसी बंदूक तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट, ठासणीची दोन मिनिटे तशीच ठेवायची. उशिरा पेटणारा बार याच वेळात निघतो.

दारूबद्दल. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू आणि फक्त काळी दारू, तीही परवान्यावर, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली. काडतूस फोडून काढलेली, फटाक्यातली किंवा चिरेखाणीवरच्या सुरुंगाची दारू तिच्यात घालणारा माणूस बंदूक भरत नाही, बॉम्ब भरतो. दारू तळहातावर अंदाजाने मोजू नये, आपल्या बंदुकीसाठी ठरलेल्या मापाची वाटी ठेवावी. डब्यातून थेट नळीत ओतू नये, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत असली तर आग डब्यात येते. दोन बारांच्या मध्ये ओले फडके फिरवून मग भरावे. सादळलेली दारू चुलीपाशी किंवा तव्यावर वाळवायची नाही, गठ्ठे झालेली दगडाने फोडायची नाही. ती टाकून द्यावी, म्हणजे भरपूर पाण्यात विरघळवून द्यावी.

पहिला बार कुठे आणि कसा? उत्तम म्हणजे परवानाधारक दुरुस्तीवाल्याच्या चाचणीच्या जागी, त्याने काढलेला. बंदूक जुन्या टायरला बांधून दोरीने चाप ओढण्याची पद्धत काही गावांत आहे. एक बार सुखरूप निघाला की बंदूक पास, अशी समजूत असते. कारखान्यातले परीक्षण तसे नसते. तिथे नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त, म्हणजे ९६० बारच्या आसपास दाब देणारे खास काडतूस उडवतात आणि नंतर नळी मोजून फुगली का ते पाहतात. साध्या काडतुसाचा एक बार एवढेच सांगतो की तो एक बार निघाला. दहावा निघेल की नाही याबद्दल तो काही सांगत नाही.

बार काढताना डोळ्यांवर ग्रासकटरचा चष्मा आणि कानांत बोळे असावेत. चष्मा आता बहुतेक बागायतदारांकडे असतोच. मागे काय आहे ते पाहावे. छर्रा जास्तीत जास्त किती जाईल याचा साधा हिशेब असा, की व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे ८० मीटर. सव्वातीन मिलिमीटरचा छर्रा २६० मीटर जातो, डुकरासाठी वापरला जाणारा आठ-साडेआठ मिलिमीटरचा मोठा छर्रा साडेसहाशे मीटरच्या आसपास. आपल्या वाड्या अशा विखुरलेल्या, की साडेसहाशे मीटरांत कुणाचे ना कुणाचे घर येतेच. कातळावर आणि माडाच्या खोडावर छर्रा उसळतो, म्हणून सडा (कातळाचे पठार) सपाट असला तरी पाठीमागे मातीचा उंचवटा हवा. ठासणीच्या बंदुकीचा काथ्याचा बोळा धुमसत खाली पडतो. मार्च ते मे मध्ये काजूच्या बागेत वाळके गवत असताना आग तिथूनच लागू शकते. आणि परवाना बंदुकीचा असतो, प्राण्याचा नाही. रानडुकरासाठीसुद्धा वन विभागाची वेगळी परवानगी लागते. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता प्रशासनाकडे काही मागण्या. एक, बंदूक जमा करताना आणि परत देताना दोन्ही वेळा ती ठाण्यातच उघडून, ठासणीची असेल तर गज टाकून, रिकामी असल्याची नोंद पावतीवर व्हावी. याला दोन मिनिटे लागतात. दोन, जमा बंदुकांच्या नळ्यांत कापसाचे बोळे घालू नयेत. बोळा ओल धरून ठेवतो आणि परत देताना विसरला जातो. तेलाचा हात देऊन, तोंड खाली करून, भिंतीपासून सुटी ठेवलेली बंदूक जास्त टिकते. बोळा घालायचाच तर त्याला हातभर लाल फीत बाहेर लोंबती असावी. तीन, परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळी कागद तपासले जातात, बंदूक समोर ठेवून तिचा क्रमांक ताडून पाहिला जातो, पण ती उडवण्याजोगी आहे का हे कुणी पाहत नाही. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलावून एक दिवसाचे तपासणी शिबिर घेतले तर त्याचे शुल्क परवानाधारक आनंदाने देतील. जिल्ह्याबाहेर बंदूक नेऊन आणणे हा अनेकांना परवडणारा प्रकार नाही, म्हणूनच ती वेल्डिंगवाल्याकडे जाते.

शेवटी ज्यांच्या घरी वडिलांच्या नावावरची बंदूक आहे आणि वडील आता नाहीत, त्यांच्यासाठी. ती बंदूक तपासायला, साफ करायलासुद्धा स्वतःकडे ठेवू नका. परवाना आपल्या नावावर होईपर्यंत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा करताना ती भरलेली असू शकते हे ठाणे अंमलदाराला आधी सांगा, आणि नळी उंबऱ्याबाहेर रोखूनच आत न्या.

कळावे,
आपले,
शेतीसंरक्षण परवानाधारक काही बागायतदार,
कुडाळ व सावंतवाडी तालुके, जि. सिंधुदुर्ग